हजानकाकांचा सत्कार

आज आमच्या हजानकाकांचा, म्हणजे सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) प्रार्थना चालवणाऱ्या काकांचा, सत्कार झाला. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यात कॅमेरा-फोन वर्ज्य) संपला, आकाशात तीन तारे दिसले आणि मगच शाल-श्रीफळ बाहेर निघालं. त्याआधी कुणी कॅमेरा काढला असता तर काकांनी सत्कारच रद्द केला असता!

आम्हा बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, रब्बी (धर्मगुरू) असण्याची परंपरा नाही. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या भार वाहिला तो हजानांनीच. काकांचंच बघा ना. बारसं, लग्न, मयत, सगळीकडे ते हजर. शिवाय मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवायचे. १९४८ नंतर आमचं निम्मं कोकण इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, डिमोनाला गेल्यावर हे किती अवघड झालंय, ते शुक्रवारी त्यांचे फोन घेणाऱ्यांना विचारा. (मी तर रिंगवरूनच ओळखतो.)

तिकडच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल करता येईना. आपल्याकडे रात्र झाली तरी इस्राएलमध्ये शब्बाथ चालूच होता ना! त्यांनी गुरुवारीच मराठीत शुभेच्छा रेकॉर्ड करून पाठवलेल्या. एका आजीने त्यात काकांना लहानपणीच्या नावाने हाक मारली, आणि काका चक्क लाजले.

भाषणं नेहमीप्रमाणे लांबली, त्याबद्दल न बोललेलं बरं. मलिदा मात्र फर्मास होता. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-पिस्ते. एलियाहू हन्नबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं काकांनी स्वतः उचललं, आवाज अजून खणखणीत.

सत्काराला उत्तर म्हणून ते एवढंच बोलले, "पुढच्या शुक्रवारी वेळेवर या."