जॉन लॉच्या मागावर: एडिंबरा, पॅरिस, व्हेनिस

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचा पुतळा एडिंबराच्या हाय स्ट्रीटवरच उभा आहे, त्याच्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही. त्याच्या ग्रंथाच्या सत्तर वर्षं आधी पैशावर पुस्तक काढणारा जॉन लॉ (१६७१–१७२९) मात्र तीन शहरांत शोधावा लागतो.

सुरुवात लॉरिस्टन कासलपासून केली. शहरातून क्रॅमंडकडे जाणारी ४१ नंबरची बस जवळ सोडते. बागेला तिकीट नाही. घर आतून गाईडबरोबरच बघता येतं, आणि वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी चौकशी करून निघा. दगडी बुरूज १५९० च्या सुमाराचा, लॉगॅरिदमवाल्या गणितज्ञ नेपियरच्या वडिलांनी बांधलेला. १६८३ मध्ये तो जॉनच्या वडिलांनी घेतला. ते सोनार होते, म्हणजे ठेवी घेणारे, कर्ज देणारे, अर्धे सावकारच. आतलं सामान मात्र विसाव्या शतकातल्या शेवटच्या मालकांचं आहे. लॉच्या ओढीने येणारा इथे हटकून हिरमुसतो. बाहेरून बुरूज पाहा आणि पुढे चला.

हाय स्ट्रीटवरच्या सेंट जाइल्स चर्चमागचा पार्लमेंट हॉल जास्त मोलाचा. कामकाजाच्या दिवशी बॅग तपासून फुकट आत सोडतात. आता तिथे वकील जोडीजोडीने येरझाऱ्या घालतात. १७०५ मध्ये लॉने इथेच भरणाऱ्या स्कॉटलंडच्या संसदेपुढे जमिनीच्या तारणावर कागदी चलन काढण्याची योजना मांडली. नाण्यांची टंचाई होती, १७०४ च्या डिसेंबरात बँक ऑफ स्कॉटलंडलाही नोटांचे पैसे देणं थांबवावं लागलं होतं. लॉचं म्हणणं सरळ होतं: पैसा कमी पडला की धंदा बसतो, माणसं रिकामी राहतात. संसदेने नाही म्हटलं. त्यात गृहस्थ लंडनमध्ये १६९४ साली द्वंद्वात माणूस मारून, फाशीची शिक्षा चुकवून तुरुंगातून पळालेला. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर स्कॉटलंडही त्याला सुरक्षित राहिलं नाही.

पॅरिसला निदान अर्धा दिवस द्या. स्कॉटलंडने नाकारलेलं कागदी चलन लॉने शेवटी फ्रान्समध्ये आणलं: तिथे त्याने बँक काढली आणि अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीशी व्यापार करणारी मिसिसिपी कंपनीही. रिशल्यू रस्त्यावरच्या राष्ट्रीय ग्रंथालयापासून निघा. त्याची बँक याच जागी होती, आणि तिथल्या लंबगोल वाचनालयात आज कुणालाही फुकट बसता येतं. मग पूर्वेकडे चालत कँकांप्वा गल्ली गाठा. मेट्रोने यायचं तर रांब्युतो स्टेशन. गल्ली इतकी अरुंद की १७१९ मधली शेअरची झुंबड इथे मावली कशी, हे कळत नाही.

खेळ असा होता. मिसिसिपी कंपनीचे पहिले शेअर ५०० लिव्रचे (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन), पण पैसे सरकारी कर्जरोख्यांत चालत, आणि ते रोखे बाजारात दर्शनी किमतीच्या निम्म्यालाही जात नव्हते. या शेअरांना लोक ‘आया’ म्हणत. पुढचे आले त्या ‘लेकी’: ५५० लिव्र, ५० रोख, बाकीचे वीस मासिक हप्त्यांत. एक लेक घ्यायची तर आधी चार आया हातात हव्यात. ‘नात’ हवी तर चार आया आणि एक लेक. नव्या शेअरसाठी जुन्यांना मागणी, हप्त्यांमुळे थोड्या पैशात मोठा सौदा. भाव १०,००० च्या घरात गेला.

कोसळलं ते कागदी नोटांमुळे, असं सर्रास सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. १७२० च्या मार्चमध्ये लॉने शेअर ९,००० लिव्रला बांधून दिला आणि त्या भावाने नोटांत विकत घ्यायला खिडकी उघडली. लोक विकायला धावले, म्हणजे प्रत्येक शेअरमागे नव्या नोटा छापणं आलं. २१ मेच्या फर्मानाने शेअर टप्प्याटप्प्याने ५,००० वर आणि नोटांची किंमत निम्म्यावर आणायचं ठरलं. आठवड्याभरात फर्मान मागे घेतलं, पण विश्वास गेला तो गेलाच. मार्चमध्येच गल्लीतला बाजार बंद पाडला होता. तो पुढे वांदोम चौकात आणि नंतर सोआसाँ वाड्याच्या बागेत भरला. त्या वाड्याच्या जागी आज बूर्स द कॉमर्सची गोल इमारत आहे. वाड्याचा उंच खांब तेवढा बाजूला शिल्लक आहे.

डिसेंबरात लॉ फ्रान्समधून निघाला आणि शेवटी व्हेनिसमध्ये, बरंचसं जुगारावर जगून, १७२९ मध्ये वारला. पुरलं ते सॅन मार्को चौकाच्या पश्चिम टोकाच्या सॅन जेमिनियानो चर्चमध्ये. नेपोलियनच्या राजवटीत ते १८०७ साली पाडलं, म्हणून आता सॅन मोइझे चर्चमध्ये जायचं. व्हापोरेत्तोच्या (तिथल्या जलबसच्या) सॅन मार्को वालारेस्सो थांब्यापासून दोन-तीन मिनिटं. बाहेरच्या भरगच्च कोरीवकामाकडे बघत आत शिरलात तर लॉच्या समाधीशिळेवर पाय पडेल, कारण ती दाराच्या आत जमिनीतच बसवली आहे. लॅटिन मजकुरात ‘एडिंबराचा’ आणि १८०८ एवढं सहज वाचता येतं. अस्थी इथे हलवणारा अलेक्झांडर लॉ हा नेपोलियनचा सेनाधिकारी, व्हेनिसचा कारभारी आणि जॉनच्या पुतण्याचा मुलगा. जन्म १७६८, पाँडिचेरीचा. त्याचे वडील जाँ लॉ तिथले फ्रेंच गव्हर्नर होते. इंग्रजांनी उद्ध्वस्त केलेलं ते शहर १७६५ नंतर त्यांनीच पुन्हा उभं केलं. पाँडिचेरीचा विमानतळ ज्या लॉस्पेटमध्ये आहे, ते नाव त्यांच्यावरूनच पडलं.