काळ्या मातीतला विली

टेक्सासमधल्या आमच्या ऑस्टिनमध्ये सेकंड स्ट्रीटवर अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा पुतळा आहे, रस्त्यालाही त्याचंच नाव दिलंय. तेही माणूस हयात असताना. पण विली कुठून आला ते बघायचं तर डॅलसच्या वाटेवर, वेको ओलांडून ॲबट नावाच्या खेड्यात जावं. तिथली जमीन थेट आपल्या वऱ्हाडातली वाटते: काळी, पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. इथले लोकही त्या पट्ट्याला ब्लॅकलँडच म्हणतात.

१९३३ साली विली तिथे जन्मला. आई-वडील घर सोडून गेले. त्याला आणि बहीण बॉबीला आजी-आजोबांनी वाढवलं. पोरवयात तो कापूस वेचायला जायचा. बोंडांची टोकं बोटांना कशी लागतात, हे आमच्या अकोल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. गिटार हातात आली ती सहाव्या वर्षी.

पुढे पोटासाठी दारोदार बायबल विकली, रेडिओवर निवेदन केलं, एक गाणं तर ५० डॉलरला विकून टाकलं. १९६० मध्ये तो कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलला गेला. पुढच्याच वर्षी त्याने लिहिलेलं 'क्रेझी' हे गाणं गायिका पॅट्सी क्लाइनच्या आवाजात गाजलं. लिहिणारा म्हणून त्याला मान होता, पण त्याचं गाणं तिथल्या निर्मात्यांच्या साच्यात बसेना. विली तालाशी खेळतो, ओळ मागे ठेवतो, मध्येच पुढे काढतो. समेवर यायची त्याला घाई नसते. ठुमरी ऐकत वाढलेल्या माणसाला यातली गोडी लगेच कळते.

तिथलं घर जळालं, तो टेक्सासला परतला आणि १९७२ मध्ये ऑस्टिनला आला. केस वाढवले, हिप्पी आणि गुराखी एकाच मैदानात आणून बसवले. १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम इतका साधा होता की कंपनीवाल्यांना तो कच्चा नमुनाच वाटला. त्याच अल्बमने बेचाळिशीतल्या विलीला गायक म्हणून उभं केलं.

त्याची गिटार जवळून बघण्यासारखी आहे. नाव ट्रिगर. नायलॉनच्या तारांची, खरं तर बोटांनी छेडायची. विली ती पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने वाजवतो. त्यामुळे घासून घासून तिच्या लाकडाला भलंमोठं भोक पडलंय, उरलेल्या जागेवर दोस्तांच्या सह्या. घर जळत असताना आत शिरून त्याने हीच बाहेर काढली होती.

माझ्या मनात मात्र त्याचं स्थान फार्म एडमुळे आहे. ऐंशीच्या दशकात कर्जापायी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी लिलावात जात होत्या. १९८५ मध्ये विलीने नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प या गायकांसह इलिनॉयमध्ये या शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड' ही मोठी मैफल भरवली. ती प्रथा आजही चालू आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय येतं ते बघत मोठा झालेला मी, एवढ्या नावाजलेल्या गायकाने हा प्रश्न दशकानुदशकं धरून ठेवलेला पाहून भारावून जातो. १९९० मध्ये करथकबाकीपायी विलीच्याच मालमत्तेवर जप्ती आली, तेव्हा चाहत्यांनी आणि मित्रांनी लिलावात वस्तू विकत घेऊन त्याला परत दिल्या.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर १९७८ च्या 'स्टारडस्ट' या अल्बमपासून करा.