ताईच्या आजारपणात मिळालेली उपशामक सेवा

माझ्या थोरल्या बहिणीचा फुप्फुसाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरल्याचे निदान झाले, तेव्हा तिच्या कर्करोगतज्ज्ञांनी केमोथेरपीचे वेळापत्रक आखतानाच आम्हाला उपशामक सेवेच्या, म्हणजे आजारामुळे होणारा त्रास हलका करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या पथकाकडेही पाठवले. काही नातेवाइकांनी त्याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा घेतला. प्रत्यक्षात दोन्ही उपचार शेवटपर्यंत बरोबरीने चालले आणि माझ्या मते ते तसेच चालायला हवेत. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, निदानापासूनच ही सेवा मिळालेल्या रुग्णांचे दिवस अधिक सुसह्य गेले, शिवाय ते काही महिने अधिक जगल्याचेही आढळले होते.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी ताईलाच विचारले, "सध्या तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?" तिने दोन गोष्टी सांगितल्या: रात्री पाठीत उठणारी कळ आणि आजाराचे खरे स्वरूप मुलीला अजून सांगितलेले नाही, ही बोचणी. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर नोंदवल्या गेल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुःख मिळून एकच वेदना असते, अशी मांडणी केली होती. ती मला त्या कागदावर प्रत्यक्ष दिसली.

वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे अफूवर्गातले तीव्र वेदनाशामक सुरू झाले आणि त्याची शिस्त आम्हाला नीट समजावून देण्यात आली. कळ उठण्याची वाट न पाहता औषध दर ४ तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायचे, मध्येच दुखले तर दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा जादा डोस द्यायचा आणि वेदना ० ते १० या मोजपट्टीवर ताईने स्वतः सांगितलेल्या आकड्यानेच वहीत लिहायची. पुढच्या भेटीत डॉक्टर वहीतले जादा डोस मोजून नेहमीची मात्रा ठरवत. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरली. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत होते. मॉर्फिनचे व्यसन लागेल, ही भीती भावोजींनी बोलून दाखवली. वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन जडणे विरळा असते, फक्त ते एकदम बंद करायचे नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढे मणक्याला किरणोपचार दिल्यावर दुखणे कमी झाले आणि मात्राही टप्प्याटप्प्याने खाली आली.

धाप लागू लागल्यावर परिचारिकेने दाखवलेला उपाय अगदी साधा होता: पुढे झुकून उशांवर हात टेकवून बसायचे आणि हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर धरायचा. त्याचा ताईला खरोखर उपयोग झाला. कूस बदलणे आणि तोंडाची स्वच्छता आम्ही पाळीपाळीने शिकलो.

खरी कसोटी होती ती बोलण्याची. समुपदेशकांच्या सोबतीने ताईने मुलीला स्वतः सर्व सांगितले. त्यानंतरच्या बैठकीत तिने व्हेंटिलेटर नको, शक्यतो घरीच राहायचे आहे आणि आपल्याला बोलता येईनासे झाले तर निर्णय भावोजींनी घ्यावा, असे लिहवून घेतले. ऐकणे फार जड गेले, परंतु तो कागद नसता तर अखेरच्या दिवसांत आम्ही आपापसांत वाद घालत बसलो असतो, याबद्दल मला शंका नाही.

तिने खाणे सोडले, तेव्हा सलाइन लावा असा सर्वांचा आग्रह झाला. या अवस्थेत शरीराला अन्नपाणी पेलत नाही आणि सलाइनने सूज व छातीतला स्राव वाढू शकतो, हे डॉक्टरांनी न कंटाळता प्रत्येकाला समजावले. आम्ही तिचे ओठ आणि जीभ ओली ठेवत राहिलो. गिळता येईना, तेव्हा औषधे त्वचेखालच्या बारीक सुईतून सुरू झाली. घशातून घरघर येऊ लागली की तिला कुशीवर वळवायचे आणि त्या आवाजाचा त्रास ऐकणाऱ्यांना अधिक होतो, हे परिचारिकेने आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्या रात्री कोणी घाबरले नाही.

ताई गेल्यानंतरही पथकाने आमची विचारपूस थांबवली नाही. माझी भाची अजून त्याच समुपदेशकांना भेटते.