भोक गेलं कुठे?

शनिवार, रात्री साडेअकरा

गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणाऱ्या सर्किटसाठी थ्रीडी प्रिंटरवर छापायची डबी करतेय. आज एकच काम ठेवलं होतं: पुढच्या भिंतीत वायरसाठी भोक. ओपनस्कॅडमध्ये, म्हणजे कोड लिहून थ्रीडी आकार बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, ओळ लिहिली, झलक बघायला एफ ५ दाबलं. भिंत कोरीच. व्यास वाढवला, लांबी वाढवली, तरी तेच. एररही नाही, हा खरा वैताग.

डिफरन्समध्ये, म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करताना, वजा होणाऱ्या सिलिंडरचं हे असंच. भिंतीला भिडला तर भोक दिसतं. नाही भिडला तर तो होता याचा मागमूसही उरत नाही. पाऊण तास आकडे बदलत बसले आणि मग ओळीच्या सुरुवातीला # टाकला, म्हणजे वजा होणारा आकारही दिसतो. पहिल्याच मिनिटाला टाकायचा, पण कोड वाचूनच चूक पकडू हा माज! गुलाबी, आरपार दिसणारा सिलिंडर उमटला तो डबीच्या बाहेर, भिंतीपासून १५ मिमी पुढे, तळाच्या पातळीवर. १५ ही तर मी दिलेली उंची! मग उजेड पडला. रोटेट (फिरवणं) बाहेर आणि ट्रान्सलेट (सरकवणं) आत लिहिलं होतं. आकाराला चिकटलेली क्रिया आधी होते, म्हणून सिलिंडर आधी वर सरकला आणि मग त्या उंचीसकट ९० अंशांत आडवा झाला.

आई मागून बघत होती. "ही गुलाबी कांडी कसली गं?"

"भोक आहे ते."

"भोक असं बाहेर लोंबतं होय?"

मग डबी आरपार दिसावी म्हणून कलरमध्ये ०.४ अल्फा दिला, तर आतला सर्किट बोर्डच गायब. पारदर्शक वस्तू कोडमध्ये शेवटी लिहावी लागते, हे दर वेळी विसरते.

एम३ (३ मिमी स्क्रूच्या) नटाच्या खाचेने मात्र लाज काढली. नटाची तयार फाइल %, म्हणजे नुसती दाखवायची खूण, लावून खाचेत अर्धी बुडवली. करड्या, भुतासारख्या नटाचे कोपरे खाचेबाहेर डोकावत होते. नटाचं ५.५ मिमी हे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर. खाच ज्याने कोरली त्या सहा बाजूंच्या सिलिंडरचा व्यास मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. म्हणजे ६.३५ हवा. ५.५ ठेवून छापलं असतं तर नट हातोडीनेही बसला नसता.

आता छपाई सुरू आहे. भोकावरचा # काढलेला नाही. रेंडरमध्ये, म्हणजे छपाईसाठी बनणाऱ्या अंतिम आकारात, त्याने फरक पडत नाही, आणि उद्या वायरची जागा बदलायचीच आहे.