कॅनवर बसलेली कोंबडी आणि फुकटचं श्रेय

मागच्या रविवारी परत एकदा बीअरच्या कॅनवर, म्हणजे अर्धा भरलेला उघडा कॅन पोटात घालून कोळशाच्या ग्रिलवर उभी करून, अख्खी कोंबडी भाजली, ही तिसरी वेळ, आणि आता छातीठोकपणे सांगते की या सगळ्यात बीअरचा काडीचा उपयोग नसतो. थांबा, चिडू नका! कोंबडी एक नंबर होते, फक्त राबतं कोण आणि नाव होतं कोणाचं, एवढाच मुद्दा आहे.

म्हणतात काय, तर बीअर उकळते, वाफ आतून मांसात मुरते आणि कोंबडी रसरशीत होते. मलाही पटलं होतं. यावेळी म्हटलं बघूयाच, म्हणून ३३० मिलीच्या कॅनमधली अर्धी बीअर मोजून ठेवली आणि सव्वा तासाने कॅन निघाल्यावर परत मोजली. जवळपास तेवढीच! उलट वर चरबीचा पिवळा तवंग. मग डोक्यात प्रकाश पडला, कॅनच्या चहूबाजूंनी गार मांसाचं जाड पांघरूण असतं, ते मांस ७४ डिग्रीला शिजून तयार, आणि बीअर उकळायला १०० च्या आसपास जायला हवं ना, ती बिचारी तिथवर पोचतच नाही तर वाफ कुठून यायची.

मग काम कोण करतं? एक म्हणजे ती बसायची पोज. कोंबडी उभी असल्यामुळे कातडी कुठेच जाळीला टेकत नाही, पाठ, पोट सगळीकडे सारखी गरम हवा लागते आणि चरबी वितळून खाली गळून जाते. आणि दुसरं म्हणजे मीठ, तेही आदल्या रात्रीचं. मीठ चोळून उघडीच फ्रीजमध्ये ठेवायची (खाली ताट, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, नाहीतर पाणी बाकीच्या जेवणावर गळेल), मीठ आधी पाणी ओढतं, मग तेच खारट पाणी परत आत जातं आणि कातडी सकाळपर्यंत कागदासारखी कोरडी होते. कुरकुरीतपणा तिथे ठरतो, कॅनमध्ये नाही. बाकी मिरपूड, पॅप्रिका, लसूण पावडर तुमच्या मर्जीने, साखर मात्र जपून, पटकन करपते.

पहिल्या वेळी मी कोळसे थेट खाली ठेवले होते. चरबी टपकली, भडका उडाला, मी घाबरून चिमट्याने ढकलायला गेले आणि कोंबडी कॅनसकट आडवी! बीअर निखाऱ्यांवर, राख कोंबडीवर, आणि धाकटा भाऊ मदत सोडून हसतोय. तेव्हापासून कोळसे दोन्ही कडांना, मधे ॲल्युमिनियमचा ट्रे, कोंबडी त्याच्यावर, दोन तंगड्या पुढे काढून कॅनसोबत तिपाई करायची, झाकण बंद. आत साधारण १८० डिग्री राहिली की दीड किलोच्या कोंबडीला सव्वा तास. तरी थर्मामीटर लावाच, मांडीत हाडाला न टेकवता, मी तिथे ८० होऊ देते, ७४ ला सेफ असलं तरी सांध्याजवळ जरा चिवट लागतं.

आणि कॅन सीलबंद ठेवू नका हो, फुटेल. रंग छापलेला कॅन पोटात घालणं काहींना आवडत नाही, मलाही आता नकोसंच वाटतं, स्टीलचा स्टँड मिळतो तो घेणार आहे. रिकामा कॅन चालेल का असं भावाने विचारलं, तर नाही, हलका असतो, कलंडतो. म्हणजे बीअरचं काम फक्त वजनाचं, जे पाणीही करतं 😄

काढताना मात्र दोघं लागतात, एकाने जाड ग्लोव्हज घालून कॅन धरायचा आणि दुसऱ्याने कोंबडी सरळ वर उचलायची, दहा मिनिटं थांबून मगच. त्या दहा मिनिटांत भावाने पाठीवरची सगळी कातडी सोलून खाल्ली, मला वाटलं तो नुसता उभा आहे.