ओट्यात हॉब बसवताना – माझा अनुभव

शेगडी ओट्यावर असते तेव्हा गॅसची नळी येता-जाता नजरेस पडते. हॉब, म्हणजे ओट्यात भोक पाडून बसवायची शेगडी, ओट्यात बसला की नोझल (नळी चढवायचं तोंड), एल्बो (काटकोनी जोड), नळी सगळं कपाटात जातं, आणि जे दिसत नाही त्याकडे आपण बघतही नाही. म्हणून हॉब बसवताना मी सुरुवात खालच्या कपाटापासून केली.

टाकी हॉबच्या बरोबर खाली ठेवायची नाही. १४.२ किलोच्या टाकीच्या उंचीवर रेग्युलेटरची उंचीही धरावी लागते. हॉबचा तळ आणि रेग्युलेटर यांत मग जागाच उरत नाही, शिवाय तिथे उष्णता असते. मी टाकी शेजारच्या खणात, जमिनीवर उभी ठेवली. मधल्या प्लायच्या फळीला नुसतं भोक पाडलं तर नळी त्याच्या कडेवर घासत राहते. त्यामुळे फळीचा वरचा भाग कापून जागा मोकळी केली. सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंतचीच घ्यायची, मध्ये जोड द्यायचा नाही, आणि भिंतीतून तर न्यायचीच नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो आणि बंद कपाटात तळाशी साठत जातो. दाराला फक्त वरच्या बाजूला जाळी ठेवून म्हणूनच काही उपयोग नाही. मी दोन्ही दारांना खाली, तळाला लागून जाळी बसवली, वर दुसरी, आणि टाकीच्या खणापुढची खालची पट्टी काढूनच टाकली.

आता ग्रॅनाइट. हॉबच्या मापावरून अंदाजाने कापू नका. खोक्यातला कागदी साचा किंवा माहितीपत्रकातलं माप घ्या. माझ्या हॉबला ५६० बाय ४८० मिमीचं भोक हवं होतं. ओटा ६०० मिमी खोल, म्हणजे पुढे-मागे मिळून १२० मिमीच उरतात. मागच्या भिंतीपासून किती अंतर हवं ते माहितीपत्रकात असतं, ते आधी पाळायचं. पुढे राहते ती साठेक मिमीची पट्टी, आणि ओटा तडकतो तो इथेच. कापायच्या आधीच तिच्याखाली लोखंडी अँगल इपॉक्सीने चिकटवून घ्या.

चारही कोपऱ्यांत आधी १० मिमीची गोल भोकं पाडायची आणि मगच मार्बल कटरने, पाणी सोडत, ती जोडायची. कटर थेट कोपऱ्यात नेला तर रेषा एकमेकींना छेदतात आणि त्या छेदातून चीर निघते. काही वेळा ती महिन्यांनी दिसते. १८ मिमी जाडीचा हा तुकडा १३ किलोच्या आसपास भरतो. चौथी बाजू कापत आणताना खालून लाकडी टेकू दिला नाही, तर तो आपल्याच वजनाने लोंबतो आणि शेवटचे दोन-तीन सेंमी कापले न जाता तुटतात. कापण्याआधी टाकी, रेग्युलेटर काढून, टोपी लावून, घराबाहेर ठेवली होती.

काचेखाली फोमची पट्टी अखंड लावायची. सिलिकॉनने चिकटवू नका. पुढे दुरुस्तीला हॉब उचलताना काच जाते. खालच्या क्लॅम्पचे स्क्रू हाताला घट्ट लागतील इतकेच आवळायचे.

गॅसच्या जोडाला मात्र वेळ द्या. एल्बो हॉबच्या तोंडाला लागते तिथे वायसर असतं आणि गॅस तेच अडवतं. वायसर असलेल्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळली की ते तिरकं बसतं. नळीचं टोक कोमट पाण्यात मिनिटभर धरलं की नरम होतं. ते नोझलवर शेवटच्या कंगोऱ्यापलीकडे जायला हवं. अर्धवट चढलेली नळी क्लिप आवळून धरून राहत नाही.

मग सगळ्या खिडक्या उघडून, हॉबचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू केला आणि साबणाचा दाट फेस ब्रशने लावला: टाकीचा व्हॉल्व, रेग्युलेटरचं तोंड, नळीची दोन्ही टोकं, एल्बो. एल्बोच्या खालच्या बाजूला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. फेसातला साधा बुडबुडा पुन्हा तिथेच येत नाही; आला तर तो गॅसच. अशा वेळी पान्याने आणखी आवळू नका. रेग्युलेटर बंद करून जोड उघडला तर वायसर एका बाजूला दबलेलं होतं. नवं घातल्यावर बुडबुडा थांबला. काडी पेटवून गळती बघायची नाही, कधीच नाही.

पहिल्यांदा पेटवताना नळीतली हवा आधी बाहेर येते, म्हणून ज्योत उशिरा धरते. दहा-पंधरा सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करून मिनिटभर थांबा. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय हॉबला असेल तर तीही तपासा: बर्नर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, रेग्युलेटर बंद करून ज्योत विझू द्या आणि कान देऊन ऐका. मिनिटभराच्या आत आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. ऐकून झालं की नॉब बंद करायला विसरू नका.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. एकाच बाजूला भडकत असेल तर बर्नरची टोपी खाचेत बसलेली नसते. सगळीच पिवळी असेल, भांड्याला काजळी धरत असेल, तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारा बारीक भोकाचा भाग, तपासायला हवा. पाइप गॅसचा दाब एलपीजीपेक्षा कमी असतो, त्यामुळे त्याच्या जेटचं भोक मोठं. तोच जेट एलपीजीवर लागला तर ज्योत धोकादायक उंच जाते. उलट केलं तर आच पुरत नाही. पाइप गॅस येणार असेल तर जेट बदलण्याचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

नळीवर छापलेली मुदत मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, आणि त्याखाली गॅसगळतीचा मदत क्रमांक: १९०६.