बिलिमोरा ते वघई: वाफेच्या इंजिनासाठी रूळ पाहत केलेला प्रवास

वडोदऱ्यात प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात कुणालाही घेऊन जा, आवारातल्या नॅरोगेज इंजिनापाशी एकच प्रश्न येतो: हे पुन्हा चालेल का? इंजिन चालवता येतं. पैसे आणि चांगले बॉयलरवाले कारागीर मिळाले की दोनेक वर्षांत होतं. ते कुठल्या रुळांवरून धावणार, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि गायकवाडी राज्याला तो १८६३ मध्येच पडला होता.

खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही ३३ किलोमीटरची अडीच फुटी लाइन सुरू झाली. भारतातली ही पहिली नॅरोगेज, आणि तिच्यावर गाडी ओढायला बैल होते. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून इंजिन आलं, पण रूळ होते वाराला १३ पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो. रेल्वेच्या पुस्तकात एक जुना ठोकताळा आहे: वाराला जितके पौंड वजन, त्याला ५६० ने गुणायचं, येतो तो एका आसावर झेपणारा भार, पौंडांत. १३ गुणिले ५६० म्हणजे ७,२८० पौंड, सव्वातीन टनांच्या आसपास. तेवढ्या भारात रोज गाडी ओढणारं वाफेचं इंजिन बसवणं कठीण. बैल पुन्हा जुंपले गेले आणि भारी रूळ पडले ते १८७३ मध्ये. दहा वर्षं इंजिन रुळांसाठी थांबलं होतं. आजही कुणी इंजिन आधी दुरुस्त करून रूळ नंतर बघू म्हणत असेल, तर त्याने डभोईची ही दहा वर्षं आठवावीत.

रेल्वेने २०१८ मध्ये गुजरातमधल्या पाच नॅरोगेज लाइनी वारसा म्हणून जपायचं ठरवलं. डभोई-मियागाम ३३, मियागाम-मालसर ३८, चोरंदा-मोटी कोरल १९, प्रतापनगर-जंबुसर ५१ आणि बिलिमोरा-वघई ६३, मिळून २०४ किलोमीटर. वाफेचं इंजिन चालवायला कोणती बरी हे पाहायचं होतं. यातली बिलिमोऱ्याची आम्ही निवडली, कारण तिच्या शेवटी जाण्यासारखी जागा आहे. हीसुद्धा गायकवाडांचीच, १९१३ मध्ये डांगच्या जंगलातलं सागवान समुद्राजवळ आणायला घातलेली. वडोदऱ्याहून पहाटेची सुरत-वापीकडची गाडी धरली की बिलिमोऱ्याला सकाळची नॅरोगेज मिळते. सोबत आमच्या आळीतले एक काका होते, वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याशिवाय या प्रवासाला अर्थ नव्हता.

गाडी सुटायच्या आधी फलाटावरून रुळाचं पोट, म्हणजे मधली उभी बाजू, बघून घ्या. त्याच्यावर कारखान्याचा छाप उठवलेला असतो, त्यात वजन आणि वर्ष. गंजाखाली तो अर्धवट दिसतो, तरी बाजूने ऊन पडलं की वाचता येतो. शेजारशेजारच्या दोन रुळांवर वेगळी वर्षं दिसली तर समजायचं की मधले तुकडे बदलत आले आहेत. तिथे दोन रुळांची डोकी एका उंचीला आहेत का, हे बघायचं. झिजलेल्या रुळाला नवा जोडला की एक-दोन मिलिमीटरची पायरी होते, आणि प्रत्येक चाक त्या पायरीवर आपटतं. डिझेल इंजिनाच्या आठ सारख्या चाकांखाली ही पायरी खपते. वाफेच्या इंजिनाच्या जोडचाकांना, म्हणजे दांड्यांनी एकमेकांना जोडलेल्या चाकांना, त्या दांड्यांच्या तोल-वजनाचा धक्का आधीच असतो, त्यात हा मिळवला की सांध्याखालचा स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ठोकळा, खडी कुटत खाली बसत जातो.

६३ किलोमीटरला तीन तास लागतात, म्हणजे सरासरी ताशी २१. वारसा गाडीला एवढा वेग पुरे आहे, वाढवायची गरज नाही. गणदेवीपर्यंत चिकूच्या वाड्या आणि ऊस, पुढे आंब्याच्या बागा. काही फाटकांवर गाडी अलीकडे थांबते, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावतो, गाडी पलीकडे जाऊन थांबते, तो फाटक उघडून पुन्हा चढतो. पाहायला ही पद्धत फार गोड वाटते. पण वाफेच्या गाडीला अशा प्रत्येक थांब्याचं मोल पाण्या-कोळशात पडतं: उभं राहताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ वाया, निघताना रेग्युलेटर, म्हणजे वाफेची मुख्य झडप, पूर्ण उघडून मोठा घोट. वाफेच्या दिवशी तरी मोठ्या फाटकांवर कायमचा माणूस हवा. खर्चाच्या अंदाजपत्रकात ही ओळ कुणी लिहीत नाही.

बिलिमोरा-चिखली पट्ट्यात पाऊस भरपूर. भराव काळ्या मातीचा असेल तर ती भिजून फुगते आणि सुकून फाटते. रूळ एका बाजूला बसतो, आणि वरून कितीही खडी टाकली तरी ती मातीत गिळली जाते. खडी कमी पडली म्हणून रूळ बसला, असा अर्थ घेऊन दरवर्षी खडीच टाकत बसणं हा पैशाचा चुराडा. आधी दोन्ही बाजूंची गटारं उघडायची, मोऱ्यांतला गाळ काढायचा, पाणी सुटलं की मग खडी. वापरात नसलेल्या लाइनीवर पहिलं काम हेच, आणि त्याला यंत्र लागत नाही, टिकाव-फावडं आणि पावसाआधीचे दोन महिने लागतात.

सांध्यांचंही तसंच. रूळ १२ मीटरचा आणि थंडी-उन्हाळ्यातला रुळाच्या तापमानाचा फरक ४० अंश धरला तर तो साडेपाच मिलिमीटर वाढतो. फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, गंजून चिकटली असेल तर ती वाढ सांध्यात जात नाही, एप्रिलच्या दुपारी रूळ बाजूला वाकतो. म्हणून थंडीत, ऑक्टोबर ते फेब्रुवारीमध्ये, फिशप्लेटा उघडून, तारेच्या ब्रशने घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळायच्या. वर्षातून एकदा, प्रत्येक सांधा.

अनावलच्या पुढे काकांनी बॉयलरचा विषय काढला. चौथऱ्यावरचं इंजिन बाहेरून रंगवलेलं, म्हणून बरं दिसतं. "रंगावर जाऊ नका," ते म्हणाले, "स्मोकबॉक्सचं दार उघडा आणि तळाला हात घाला." स्मोकबॉक्स म्हणजे बॉयलरच्या पुढची, धुराड्याखालची पेटी. धुराडं उघडं राहिलं की पाऊस थेट आत. तिथे वर्षानुवर्षं पडून असलेल्या राखेत गंधक असतं, पाणी मिळालं की त्याचं आम्ल होतं, आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. हातात येतात ती लालकाळी पापुद्र्याची ढलपी, पोळीचे पदर सुटावेत तशी. कुठल्याही उभ्या इंजिनासाठी आजच, फुकटात करता येणारं काम: राख पूर्ण उपसा आणि धुराड्यावर पत्र्याचं झाकण घाला.

पुढचा क्रम असा. आधी बॉयलरवरचं आवरण उतरवायचं. जुन्या आवरणात अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ते ओलं करून, मास्क घालून, जाणकाराकडूनच. मग आगीचा धूर ज्यांतून जातो त्या सगळ्या ट्यूबा कापून काढायच्या. जुन्या ठेवू, चार-पाच बदलू, हा मोह सोडा. ट्यूबा काढल्याशिवाय बॉयलरचं पोट दिसत नाही, आणि खड्डे तिथेच, पाण्याच्या तळाशी पडलेले असतात. पत्र्यावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत अल्ट्रासोनिकने जाडी मोजायची आणि मूळ नकाशाशी ताडायची. फायरबॉक्सची, म्हणजे आगीच्या पेटीची, आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टे बोल्टांनी बांधलेली असते. त्यांची तपासणी हातोडीने.

"काका, तुटलेला कसा ओळखायचा?"

"अरे, खण्ण वाजला की जिवंत. भद्द वाजला की तुटलाय. एका कोपऱ्यात तीन-चार भद्द आले की मी तर सगळी ओळच बदलायला लावायचो. शेजाऱ्याचं ओझं उरलेल्यांवर येतं ना!"

स्टे सहसा वरच्या कोपऱ्यांत तुटतात, कारण आतली भिंत जास्त तापते, जास्त सरकते आणि त्यांना रोज वाकवते. म्हणूनच गार इंजिन घाईने पेटवायचं नसतं. रात्रीपासून मंद आग, सकाळपर्यंत हळूहळू दाब. तासाभरात वाफ करून दाखवणारा फायरमन बॉयलरचं आयुष्य खातो.

नव्या ट्यूबा रोलर एक्सपांडरने फुगवून पत्र्यात बसवायच्या, फायरबॉक्सच्या बाजूला कडा दुमडायच्या. मग पाण्याच्या दाबाची चाचणी: कामाचा दाब चौरस इंचाला १६० पौंड असेल तर दीडपट, २४० पौंड. पाणी कोमट घ्यायचं आणि आतली सगळी हवा काढायची. हवा राहिली आणि काही फुटलं तर ते स्फोटासारखं फुटतं, पाणी मात्र नुसतं गळतं. त्यानंतरच वाफेची चाचणी. फायरबॉक्सच्या छतातला शिशाचा प्लग नवाच घालायचा. पाणी कमी पडलं की तो वितळून आगीवर वाफ सोडतो. त्याच्यावर क्षारांचा थर असेल तर वितळायला उशीर होतो, आणि तो उशीर जिवावर बेततो.

क्षारांवरून पाण्याकडे. किलोमीटरला १५ ते २० किलो कोळसा धरला तर एका फेरीला टनभर, आणि किलोला सहा-सात लिटर पाण्याची वाफ धरली तर सात हजार लिटर पाणी. म्हणजे बिलिमोरा, वघई आणि मध्ये उनाई, तिन्हीकडे टाकी हवी आणि पाणी मऊ केलेलं हवं. बोअरचं जड पाणी सरळ घातलं तर दोन हंगामांत ट्यूबप्लेटला, म्हणजे ट्यूबा बसवलेल्या पत्र्याला, तडे. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते: टाकीतलं पाणी उन्हाने आणि बॉयलरच्या धगीने चाळिशीच्या पुढे तापलं की इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप, पाणी उचलेनासा होतो. वाफ निवून तिचं पाणी व्हायला गार पाणी लागतं, ते नसलं की सगळं ओव्हरफ्लोतून बाहेर. इंजेक्टर बिघडला म्हणून तो उघडत बसतात. बऱ्याचदा दोष पाण्याचा असतो. टाकीवर सावली करा.

उनाईनंतर रान सुरू होतं. साग, बांबू, आणि फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळलेल्या सागाच्या पानांचा थर. इथे कोळशाच्या इंजिनाबद्दल माझं मत ठाम आहे: नको. स्मोकबॉक्समध्ये जाळी लावली तरी ठिणगी सुटते आणि राखपेटीतून निखारा पडतो. निलगिरीच्या गाड्यांसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने तेलावर चालणारी वाफेची इंजिनं नव्याने बांधली आहेत, तीच वाट इथे घ्यावी. धूर आणि वास थोडा वेगळा येईल, आवाज तोच. इंजिन शोधायलाही फार लांब जायला नको. कालका-सिमल्यावरचं १९०५ सालचं केसी ५२० याच ७६२ मिलिमीटर गेजचं आहे आणि २००१ मध्ये ते पुन्हा वाफेवर आलं.

वघईला लाइन संपते. इथेच मला सगळ्यात जास्त आशा वाटते. वेल्समधली वेल्श हायलँड रेल्वे ४० किलोमीटरची, १९३७ मध्ये बंद पडलेली. ती १९९७ ते २०११ अशी टप्प्याटप्प्याने पुन्हा बांधली, आणि प्रत्येक टप्पा पर्यटक उतरतील अशा ठिकाणी संपवला, म्हणजे पुढच्या टप्प्यापर्यंत तिकिटं विकली जात राहिली. वघईहून सापुतारा पन्नासेक किलोमीटर, घाटाचा. ते स्वप्न राहू दे. पण वनस्पती उद्यान आणि गिरा धबधबा गावापासून चारेक किलोमीटरांत आहेत, आणि तेवढी लाइन वाढवणं माणसांच्या आवाक्यातलं आहे.

हिशोब करून पाहिला. वाराला ५० पौंडांचा रूळ म्हणजे मीटरला २४.८ किलो, चार किलोमीटरला दोन्ही रूळ मिळून २०० टन. ७५ सेंटिमीटरवर स्लीपर धरले तर सव्वापाच हजारांच्या वर. स्लीपरखाली १५ सेंटिमीटर खडी धरून किलोमीटरला साधारण ४५० घनमीटर, म्हणजे एकूण १,८००. बंद झालेल्या लाइनींचे रूळ भंगारात जाण्याआधी बाजूला काढले तर मोठा खर्च वाचतो; फक्त टोकं ठोकून-ठोकून खाली बसलेली असतात, ती दोन्हीकडून अर्धा-अर्धा मीटर कापून नवी भोकं पाडावी लागतात. वनजमीन लागली तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी, आणि तिला रुळांपेक्षा जास्त वेळ लागेल. अर्ज आधी टाकायचा. वघईला इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी लूप, म्हणजे बाजूची वळसा-लाइन, लागेल, धबधब्यापाशीही तसाच.

चढ १:४० च्या वर न्यायचा नाही. ८० टनांची गाडी, इंजिनासह: टनाला चढाचे २५ किलो आणि घर्षणाचे पाच, मिळून २,४०० किलो ओढ. जोडचाकांवर १८ टन असतील तर कोरड्या रुळावर साडेचार टनांपर्यंत पकड मिळते, भरपूर. ओल्या रुळावर सागाची पानं चिरडून बुळबुळीत लगदा झाला की पकड चाकांवरच्या भाराच्या दहा टक्क्यांवर येते: १,८०० किलो. चाकं जागेवर फिरणार. आणि गिराला पाणी असतं ते नेमकं पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने. म्हणून तिथे डबे कमी, वाळूच्या पेट्या दोन्ही दिशांनी चालणाऱ्या, आणि वाळू रोज सकाळी भट्टीवर कोरडी केलेली. दार्जिलिंगला अजूनही इंजिनाच्या पुढे बसलेला माणूस हाताने रुळावर वाळू टाकतो. वघईला सुरुवातीचे हंगाम तसाच एक माणूस ठेवावा लागेल, आणि पहिल्या गाडीच्या आधी ट्रॉलीवरून झाडू घेऊन जाणारे दोघे.